जुन्या ट्रॅक्टरांची जत्रा

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे व्याख्यान म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे गड, तह, लढाया आणि बखरी उभ्या राहतात. आज आम्ही ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहोत त्यात तलवार नाही आणि सिंहासनही नाही. आहे तो गंजलेला पत्रा, काळे तेल आणि रॉकेलचा वास. अमेरिकेतील शेतकरी पन्नास-पाऊणशे-शंभर वर्षांपूर्वीचे ट्रॅक्टर हुडकून आणतात, खोलून घासूनपुसून पुन्हा चालू करतात, जत्रेत मांडतात आणि त्यांच्या ओढीच्या शर्यती लावतात. हा रिकामटेकड्यांचा छंद आहे असे प्रथमदर्शनी वाटते. आम्हांलाही तसेच वाटले होते. पण त्या रंगवलेल्या पत्र्याच्या मागे जे काही दडलेले आहे ते पाहू लागल्यावर आमचे मत बदलले, आणि आज बोलण्याचे धाडस करतो आहोत ते त्यामुळेच.

ट्रॅक्टरच्या आधी वाफेचे इंजिन होते. ते अवाढव्य असे. त्याला कोळसा अथवा गवताचा पेंढा लागे, पाणी लागे, विस्तव सांभाळणारा माणूस लागे. मळणीयंत्र पट्ट्याने फिरवायला ते उत्तम, पण नांगराला जुंपायचे तर जमीन अफाट हवी आणि टणक हवी. १८९२ साली आयोवा राज्यातील जॉन फ्रोलिक याने पेट्रोलवर चालणारे एक इंजिन चाकांच्या सांगाड्यावर बसवले आणि ते पुढेही जाईल आणि मागेही येईल अशी सोय केली. हे यंत्र घेऊन त्याने दक्षिण डाकोटात मळणीचा एक पुरा हंगाम काढला. मग वॉटर्लू गावी कंपनी निघाली, दोन यंत्रे विकली गेली आणि दोन्ही गिऱ्हाइकांनी ती परत आणून दिली! नव्या युगाचा आरंभ असा झाला. पुढे चार्ल्स हार्ट आणि चार्ल्स पार या दोन तरुण अभियंत्यांनी आयोवातील चार्ल्स सिटी येथे कारखाना काढला. त्यांचा १९०३ सालचा तिसऱ्या क्रमांकाचा ट्रॅक्टर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे आहे. 'ट्रॅक्टर' हा शब्द लोकांच्या तोंडी बसवण्याचे श्रेय याच कंपनीच्या विक्री-व्यवस्थापकाला देतात. शब्द त्याने घडवला असे मात्र नव्हे, तो त्यापूर्वीच छापला गेला होता.

यानंतर अमेरिकेत ट्रॅक्टरांचे पेव फुटले. ज्याच्याकडे चार लेथ आणि एक छापील जाहिरात तो ट्रॅक्टरवाला. या काळातली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मिनियापोलिस शहरात काही मंडळींनी फोर्ड या आडनावाचा एक माणूस हाताशी धरला आणि त्याच्या नावाने 'फोर्ड ट्रॅक्टर कंपनी' काढली. मोटारीवाल्या हेन्री फोर्डचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पण शेतकऱ्याने काय समजायचे ते समजून घ्यावे, हीच योजना होती. नेब्रास्का राज्यातील विल्मॉट क्रोझियर नावाच्या शेतकऱ्याने तो ट्रॅक्टर घेतला. तो कुचकामी निघाला. त्याने दुसऱ्या एका कंपनीचा घेतला, तोही तसाच. तिसरा, रम्ली कंपनीचा, मात्र सांगितल्यापेक्षा अधिक काम करू लागला. दुसरा कोणी असता तर 'आपले नशीब' म्हणून गप्प बसला असता. क्रोझियर राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला आणि १९१९ साली त्याने कायदाच करवून घेतला. नेब्रास्कात विकायच्या प्रत्येक ट्रॅक्टरची आधी विद्यापीठात परीक्षा होईल, कंपनीचा दावा आणि यंत्राचे काम ताडून पाहिले जाईल आणि सुट्या भागांची सोय राज्यातच ठेवावी लागेल, असा तो कायदा होता. १९२० च्या वसंतात पहिली परीक्षा पुरी झाली ती 'वॉटर्लू बॉय' या ट्रॅक्टरची, म्हणजे परत आलेल्या त्या दोन यंत्रांच्याच वंशजाची. दोन वर्षांपूर्वी ती कंपनी नांगर बनवणाऱ्या जॉन डीअर यांच्या घराण्याने विकत घेतली होती.

ही परीक्षा आमच्या विषयाला मुळाशी आहे. मागे जोडलेले ओझे ओढण्याची शक्ती किती आणि पट्ट्याने यंत्र फिरवण्याची किती, हे आकडे या परीक्षेने निकालात काढले. आज जत्रेत दोन म्हातारे शेतकरी 'माझा थोर की तुझा' म्हणून भांडू लागले की शेवटी नेब्रास्काच्या अहवालातला आकडा काढतात. शर्यतीत त्या आकड्यावर विश्वास न ठेवणारे उतरतात, असे म्हणायला हरकत नाही.

खरा हेन्री फोर्ड १९१७ साली 'फोर्डसन' घेऊन आला. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला धान्याची चणचण होती, पाणबुड्यांनी जहाजे बुडत होती, घोडे आणि माणसे आघाडीवर गेली होती. पहिले हजारो फोर्डसन तिकडे गेले. १९२२ साली त्याची किंमत ३९५ डॉलरपर्यंत खाली आली आणि १९२८ पर्यंत अमेरिकेत सात लाखांहून अधिक फोर्डसन तयार झाले. गुणाने म्हणावा तर हा ट्रॅक्टर खोडसाळ. सकाळच्या थंडीत हँडल मारून तो चालू करणे म्हणजे पैलवानाचे काम, आणि हँडल उलटे फिरले तर मनगट मोडायचे. म्हणून अंगठा हँडलभोवती न वळवता बोटांच्याच बाजूला ठेवावा हा धडा बाप मुलाला देई. आणखी एक दोष जिवावर बेतणारा होता. नांगराचा फाळ दगडाला अथवा मुळाला अडकला की मागची चाके थांबत, इंजिन मात्र थांबत नसे. मग तो जोर ट्रॅक्टरचे तोंडच वर उचली आणि यंत्र चालकाच्या अंगावर उलटे पडे. कित्येक घरांत या यंत्राची आठवण अजून वेगळ्या कारणाने निघते.

या दोषावर तोड काढली ती हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाने. नांगर ट्रॅक्टरच्या मागे साखळीने ओढत न नेता तीन ठिकाणी जोडून तेलाच्या दाबाने उचलायचा आणि ती जोडणी अशी साधायची की नांगर जितका अडेल तितके ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबले जाईल. एकाच युक्तीने दोन कामे झाली. हलका ट्रॅक्टरही जड नांगर ओढू लागला आणि माणूस वाचला. आज आपल्याकडच्या ट्रॅक्टरमागे जी जोडणी दिसते ती याच विचाराची. फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांनी १९३८ साली नुसत्या हस्तांदोलनावर करार केला. फोर्डच्या नातवाने तो मोडला, खटला झाला आणि १९५२ साली फर्ग्युसनला साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. लेखी करार नसताना एवढी रक्कम मिळते हे पाहून आमच्या एका वकील मित्राला फार वाईट वाटले. फर्ग्युसनच्या छोट्या ट्रॅक्टरवर बसून एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले, हे जाता जाता सांगतो. एव्हरेस्टवाले हिलरी म्हणून ते आपल्या परिचयाचे आहेत.

तथापि घोड्याला शेतातून खरोखर घालवले ते फोर्डसनने नव्हे. फोर्डसन नांगरी, पण पेरल्यानंतर उभ्या पिकात त्याला पाऊल टाकता येत नसे. कोळपणीला घोडा लागेच. आणि कोळपणीसाठी घोडे पोसायचेच, तर नांगरणी तरी यंत्राने का करावी? १९२४ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 'फार्मॉल' बाजारात आणला. मागची चाके उंच आणि रुंद अंतरावर, पुढची दोन्ही चाके जवळजवळ, म्हणजे एका तासातून जाणारी. आणि पोट जमिनीपासून इतके वर की मका अथवा कापूस खालून निघून जाई. हा ट्रॅक्टर कोळपू लागला आणि घोड्याचा शेवटचा आधार गेला. १९२० साली अमेरिकेच्या शेतांवर सुमारे अडीच कोटी घोडे आणि खेचरे होती. १९५४ च्या शेतकी गणनेत ट्रॅक्टरांची संख्या त्यांच्या पुढे गेली.

घोड्यामागोमाग माणूसही गेला, आणि हा भाग जत्रेत सहसा कोणी सांगत नाही. दक्षिणेतला कापूस खंडकरी आणि वाटेकरी कुळे पिकवीत. त्यांत काळे होते तसे गोरेही होते. मंदीच्या काळात, १९३३ नंतर, कापसाखालची जमीन कमी करावी म्हणून सरकार पैसे देऊ लागले. पैसे बहुतांशी मालकाच्या हाती पडले. मालकाने त्यांतून ट्रॅक्टर घेतला आणि कुळांना गाशा गुंडाळायला सांगितले. डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी १९३८ साली टेक्सासमधील चिल्ड्रेस परगण्यात घेतलेले एक छायाचित्र आहे. मधोमध एक ओसाड लाकडी घर, आणि नांगराची तासे चारी बाजूंनी थेट त्याच्या भिंतीपर्यंत आलेली. अंगण नाही, वाट नाही, परसातली भाजी नाही. अशा घरांतून निघालेल्या माणसांना 'ट्रॅक्टरने हाकललेले' म्हणत. ज्या ट्रॅक्टरने ती तासे पाडली त्या जातीचे ट्रॅक्टर आज लालभडक रंगात जत्रेत उभे आहेत. ते घर कुठल्याही जत्रेत नाही. यंत्राला दोष द्यावा असे आम्हांला म्हणायचे नाही. ज्याच्या बापाने घोड्यामागे आयुष्यभर चालून पाय झिजवले त्याला फार्मॉल देवासारखा वाटला, हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी एकाच शेतात घडल्या.

आता जत्रेकडे वळू. जुनी यंत्रे जपावीत ही बुद्धी सुचली ती ती नाहीशी होऊ लागल्यावर. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत भंगार लोखंडाच्या मोहिमा निघाल्या. देशासाठी म्हणून गोठ्यामागची वाफेची इंजिने आणि लोखंडी चाकांचे ट्रॅक्टर रणगाड्यांच्या भट्टीत गेले. युद्ध संपल्यावर उरलेली इंजिने कोणाकडे आहेत याची चौकशी सुरू झाली. पेनसिल्व्हेनियात किन्झर्स येथे आणि आयोवात माउंट प्लेझंट येथे जुने मळणीवाले एकत्र जमू लागले. माउंट प्लेझंटची पहिली जत्रा १९५० साली भरली; ती आजही सप्टेंबरच्या आरंभी पाच दिवस भरते. आरंभी तेथे वाफेच्या इंजिनांचा मान होता. ट्रॅक्टर म्हणजे कालपरवाचे पोर, त्याला कोण विचारतो? पुढे ज्यांनी ट्रॅक्टर नवा असताना चालवला ती पिढी म्हातारी झाली आणि ट्रॅक्टरलाही पंगतीत पाट मिळाला.

गंमत अशी की त्याच १९५० साली इंग्लंडात आर्थर नॅपर नावाच्या शेतकऱ्याने आपल्या मित्राशी पैज मारली. दोघांकडेही वाफेची जुनी इंजिने होती. ॲपलफर्ड गावच्या कुरणात ती पळवायची आणि जिंकणाऱ्याला बिअरचे एक छोटे पिंप. नॅपरचे 'ओल्ड टायमर' जिंकले. पाहायला माणसे लोटली, पुढच्या वर्षी अधिक लोटली आणि इंग्लंडातल्या जुन्या इंजिनांच्या साऱ्या मेळाव्यांचे मूळ त्या पिंपात सापडते. एका देशात आठवणीने जे काम केले ते दुसऱ्यात पैजेने केले.

हा छंद कसा चालतो ते थोडे सांगितले पाहिजे. ट्रॅक्टर बहुधा सापडतो तो झाडाखाली, तीस-चाळीस पावसाळे खाऊन. दट्ट्या आतल्या आत गंजून घट्ट बसलेला असतो. त्यावर पातळ तेल ओतायचे आणि थांबायचे. आठवडे, कधी महिने. घाई करून घण घातला की सिलिंडर फुटतो. मग क्रमांकाची पट्टी पाहायची, कारण वय त्यावरून कळते. रंगाबद्दल तर या मंडळींचे सोवळे आपल्या भटजींनाही लाजवील. फार्मॉल १९३६ च्या अखेरीपर्यंत करडा होता, नंतर लाल झाला. तेव्हा १९३० चा फार्मॉल लाल रंगवून आणला की जाणकार नाक मुरडतात. जॉन डीअर हिरवा, चाके पिवळी, ॲलिस-चामर्स नारिंगी. उलट अलीकडे दुसरा पंथ निघाला आहे. तो म्हणतो, रंगवूच नका. ज्या स्थितीत त्याने शेवटचे तास पाडले त्या स्थितीत ठेवा. चालकाच्या बुटाने झिजलेले पायटे आणि तारेने बांधलेली झाकणे हाच खरा दस्तऐवज. आमचा कल या पंथाकडे आहे. रंग दिलेला ट्रॅक्टर कारखान्याचा इतिहास सांगतो, न दिलेला घराचा.

कानांचाही छंद आहे हा. जॉन डीअरचे जुने ट्रॅक्टर दोनच सिलिंडरांचे, आणि त्यांचे स्फोट समान अंतराने होत नसत. दोन लागोपाठ आणि मग खंड. फट्-फट्, आणि मग क्षणभर काहीच नाही. १९६० साली कंपनीने ही रचना सोडली. तरी मैदानाच्या पलीकडून तो आवाज आला की म्हातारे न पाहता सांगतात कोण येतो आहे ते. काही यंत्रे दुर्मिळ म्हणून भाव खातात. मिनियापोलिस-मोलाइन कंपनीने १९३८ साली बंद टपाचा, गादीच्या बैठकीचा एक ट्रॅक्टर काढला. आठवडाभर नांगरावा आणि शनिवारी त्यातूनच गावात जावे, ही कल्पना. मंदीतल्या शेतकऱ्याला ती थट्टा वाटली, जेमतेम दीडशे तयार झाले, आणि आज त्याला लाख डॉलरच्याही वर भाव मिळाल्याची उदाहरणे आहेत. पण बहुतेक लोक दुर्मिळाच्या मागे नसतात. त्यांना हवा असतो वडिलांचा. तोच मिळाला तर उत्तम, नाहीतर त्याच सालचा, त्याच जातीचा.

शर्यतींचे मूळ घोड्यांत आहे. माझी जोडी अधिक ओढते की तुझी, यावर गोठ्याचे दार काढून आडवे टाकायचे, त्याला जोडी जुंपायची आणि चालता चालता त्यावर माणसे चढवत जायची. १९२० नंतर ट्रॅक्टरचे आक्रमण थोपवण्यासाठी घोडेवाल्यांच्या संघटनेने अशा शर्यतींना उत्तेजन दिले आणि १९२३ साली आयोवाच्या शेतकी महाविद्यालयात घोड्यांची ओढ मोजणारे यंत्रही तयार झाले. घोड्याची थोरवी दाखवायला मैदान तयार झाले आणि त्यात उतरला ट्रॅक्टर! १९२९ साली मिसूरीतील बोलिंग ग्रीन आणि ओहायोतील व्हॉन्सव्हिल येथे ट्रॅक्टरांच्या ओढीच्या शर्यती झाल्याचे सांगतात. पुढे वाटेच्या दोन्ही अंगांना माणसे ठराविक अंतरावर उभी राहत आणि घसरती फळी जवळ आली की एकेक जण तिच्यावर पाऊल ठेवी. ओझे वाढत वाढत ट्रॅक्टर जेथे थांबेल तेथे खूण. ट्रॅक्टरांचा वेग वाढला तसे धावत्या फळीवर चढणे धोक्याचे झाले. तेव्हा एक हुशार गाडी निघाली. तिच्यावर वजनाची पेटी असते. ती आरंभी मागच्या चाकांवर असते आणि गाडी चालू लागली की चाकांच्याच गतीने पुढे पुढे सरकते. पुढच्या भागाला चाके नाहीत, तो जमिनीवर घासणारा तवा आहे. जितके अंतर कापाल तितके वजन तव्यावर येते आणि घर्षण वाढते. तीनशे फूट ओढली तर पुरी ओढ. बहुतेक जण त्याआधीच चिखलात चाके फिरवीत थांबतात.

१९६९ साली अनेक राज्यांच्या मंडळींनी मिळून राष्ट्रीय संघटना काढली आणि नियम एक केले. त्यानंतर या खेळाच्या दोन वाटा झाल्या. एका वाटेवर विमानाची इंजिने बसवलेले, एकाला तीन-चार इंजिने जोडलेले राक्षस आहेत. त्यांना शेताशी देणेघेणे नाही, आणि आम्हांला त्यांच्याशी. दुसऱ्या वाटेवर जुने ट्रॅक्टर आहेत. अमुक सालाच्या आधीचा असावा, इंजिनात लुडबूड केलेली नसावी, वेग माणसाच्या चालीहून फार अधिक नसावा, असे साधारण नियम. तेथे सत्तरीचा आजोबा १९४० च्या फार्मॉलवर बसून पुढच्या बाजूला वजने टांगतो, जोडणीची उंची पट्टीने मोजून घेतो आणि तोंड वर उचलले जाऊ नये म्हणून क्लच इतका हळुवार सोडतो की जणू मूल पाळण्यात ठेवतो आहे. फोर्डसनने उलटून मारलेल्या माणसांची आठवण त्या पायात असते.

ही खबरदारी जेथे नाही तेथे काय होते तेही आपण आपल्याच देशात पाहिले. पंजाबात ट्रॅक्टर एकमेकांना बांधून ओढण्याचे आणि मागच्या चाकांवर उभे करण्याचे खेळ फोफावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका तरुणाचा त्यात मृत्यू झाला आणि सरकारने ते बंद केले. ओढीची शर्यत आपल्याला परकी मुळीच नाही. कर्नाटक-आंध्रात बैलजोड्यांना भले मोठे दगड ओढायला लावतात, आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींचा तंटा तर सर्वोच्च न्यायालयात जाऊन २०१४ साली बंदी आणि २०२३ साली मान्यता अशी वळणे घेऊन आला.

फार्मॉलच्या घराण्याची एक शाखा आपल्या मुंबईत रुजली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्र आणि व्होल्टास यांनी मिळून कंपनी काढली आणि कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ हा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. त्याचे मूळ कंपनीच्या इंग्लंडमधील डॉन्कास्टरच्या कारखान्यात होते, म्हणजे अमेरिकेच्या मक्याच्या शेतातून निघालेले बी इंग्लंडमार्गे कांदिवलीला आले. त्या काळी ट्रॅक्टरसाठी नाव नोंदवून वाट पाहत बसावे लागे. तो दारी आला की त्याला हळदकुंकू लागे, नारळ फुटे, आणि गोठ्यातली एखादी जोडी बाजाराला जाई. खंडेनवमीला आजही त्याची पूजा होते. विळा, कोयता, नांगर यांच्या रांगेत तो उभा असतो.

त्या पहिल्या बी-२७५ ट्रॅक्टरांना आता सुमारे साठ वर्षे झाली. माउंट प्लेझंटला वाफेची इंजिने जमली तेव्हा त्यांतली पुष्कळशी याच्याहून तरुण होती. श्रोत्यांपैकी कोणाच्या गावच्या वाड्यामागे असा एखादा उभा असेल तर भंगारवाल्याचा टेम्पो येण्याआधी त्याची क्रमांकाची पट्टी वाचून ठेवावी. आणि घरात कोणी वडीलधारे असतील तर तो घेताना कोणती जोडी विकली, तिची नावे काय होती आणि जो गडी ती जोडी हाकीत असे तो पुढे कोठे गेला, हेही विचारून घ्यावे. बैलांची नावे बहुधा लगेच सांगतात. गड्याचे आठवायला वेळ लागतो.